खोका, सजावट आणि कचरा

द्वारका हे दिल्लीच्या नैर्ऋत्येकडील उपनगर होय. दिल्ली विकास प्राधिकरणाने ते आखले आणि सेक्टरांमध्ये विभागले. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या उंच इमारतींची येथे दाटी आहे. २००५ च्या डिसेंबरअखेरीस मेट्रो येथवर पोहोचली. आज अशा एखाद्या संस्थेच्या फाटकापाशी सकाळी थोडा वेळ उभे राहिल्यास दोन प्रकारची ये-जा दिसते. पाठीवर मोठी पिशवी घेतलेले दुचाकीस्वार ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंची पुडकी आत नेत असतात. त्याच वेळी कचरा गोळा करणारा कामगार रिकामे खोके, फाटलेल्या पिशव्या आणि चिकटपट्टीची भेंडोळी गाडीवर रचून बाहेर काढत असतो. पुडक्याचे आत जाणे आणि त्याच्या वेष्टनाचे बाहेर पडणे यांत कधी कधी एका दिवसाचेही अंतर नसते.

इतक्या अल्पायुषी वस्तूवर विक्रेता एवढा खर्च का करतो? दुकानात गिऱ्हाईक वस्तू हातात घेते, उलटून पाहते, दुकानदाराशी दोन शब्द बोलते. ऑनलाइन खरेदीत यांतले काहीच घडत नाही. दारात आलेला खोका हेच तेथे दुकान असते आणि तोच दुकानदाराचा चेहराही असतो. तो चुरगळलेला, मळका आला तर आतील वस्तूविषयी मन साशंक होते. नीटनेटका आला तर विश्वास बसतो. मोठ्या कंपनीला एका नाराज ग्राहकाने फारसा फरक पडत नाही. घरगुती व्यवसाय करणाऱ्याला मात्र पडतो. म्हणून सजावटीच्या हौसेला केवळ मिरवण्याची हौस म्हणून हसण्यावारी नेणे योग्य नाही.

फराळाचा खोका

समजा, द्वारकेत राहणारी एक मराठी गृहिणी दिवाळीत फोनवरून फराळाच्या मागण्या घेते. चकली, करंजी, अनारसे आणि चिवडा असे जिन्नस ती कुरिअरने इतर शहरांतही पाठवते. चकली मोडली, करंजीची मुरड सुटली, तर पैसे परत करावे लागतात आणि नावही जाते. या भीतीने ती वेष्टनावर वेष्टन चढवत जाते. प्रत्येक जिन्नस प्लॅस्टिकच्या डबीत, डब्या चकचकीत पेटीत, पेटीवर सॅटिनची फीत, भोवती फुग्यांचे प्लॅस्टिक आणि हे सारे एका मोठ्या खोक्यात. खोक्यात जागा उरते, म्हणून तीत रंगीत कागदाच्या चिंध्या कोंबल्या जातात.

यांतील प्रत्येक थर काय काम करतो, हे तपासून पाहण्यासारखे आहे. बाहेरचा खोका पन्हळी पुठ्ठ्याचा असतो. दोन सपाट कागदांमध्ये लाटांसारखा दुमडलेला कागद चिकटवून हा पुठ्ठा बनतो. त्या लाटांच्या कमानी भार पेलतात आणि मधली हवा धक्का झेलते. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये पन्हळी कागदाचे पेटंट घेतले गेले, ते उंच टोप्यांच्या अस्तरासाठी. १८७१ मध्ये अमेरिकेत तो बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळण्यासाठी वापरात आला. फुग्यांच्या प्लॅस्टिकची कथा आणखी गमतीची आहे. १९५७ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी भिंतीवर लावण्याचा कागद म्हणून ते तयार केले होते; भिंतींवर ते कोणाला आवडले नाही. नाजूक वस्तूंच्या रक्षणासाठी त्याचा उपयोग पुढे सुचला.

चकलीचा कुरकुरीतपणा टिकवायचा तर दमट हवा दूर ठेवलीच पाहिजे. तेथे हवाबंद पिशवीला सध्या सोपा पर्याय नाही. जुन्या काळच्या वर्तमानपत्राच्या पुडीची आठवण कितीही गोड असली, तरी छपाईची शाई अन्नात उतरते. म्हणून २०१८ च्या अन्न वेष्टनविषयक नियमांनी खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधण्यास मनाई केली. शिवाय मोडलेली चकली हाही कचराच आहे. तिच्याबरोबर भाजणी, तेल, इंधन आणि घरातल्या बाईचे श्रम वाया जातात. वस्तू वाचवणारा थर म्हणूनच उधळपट्टीत मोडत नाही. प्रश्न उरतो तो सॅटिनची फीत, चकचकीत पेटी, चिंध्या आणि मोठा खोका यांचा.

हवेचे भाडे

अनेक कुरिअर कंपन्या पुडक्याचे प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे अधिक असेल, त्यावर भाडे आकारतात. आकारमानाचे वजन काढण्याची रूढ रीत अशी: लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला ५००० ने भागायचे, येणारी संख्या म्हणजे किलोग्रॅम.

वरील फराळाचे प्रत्यक्ष वजन खोक्यासह दीड किलो आहे असे मानू. खोका २५ × २० × १५ सेंटिमीटरचा असेल तर गुणाकार ७५०० येतो आणि आकारमानाचे वजनही दीड किलोच भरते. तोच फराळ ४० × ३० × २० च्या खोक्यात घातला, तर गुणाकार २४,००० आणि वजन ४.८ किलो! फराळ वाढला नाही. वाढली ती हवा. तिप्पटीहून अधिक वजनाचे भाडे भरूनही मोठ्या खोक्यात जिन्नस अधिक हिंदकळतात. बेताच्या मापाचा खोका घेतला की भाडे, चिंध्या आणि मोडतोड एकदमच कमी होतात. सजावट आणि काटकसर यांचे भांडण पुष्कळदा केवळ चुकीच्या मापातून जन्मते.

*करून पाहा : घरी आलेला एखादा रिकामा खोका मोजा. वरील रीतीने त्याचे वजन काढा आणि आत आलेल्या वस्तूच्या वजनाशी त्याची तुलना करा.*

तिसरा हात

वेष्टन बांधणारा हा पहिला हात, उघडणारा दुसरा. तिसरा हात बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. तो कचरावेचकाचा किंवा दिल्लीत ज्याला कबाडी म्हणतात त्या भंगारवाल्याचा. साधा पुठ्ठा त्याच्या तराजूत बसतो आणि पुढे लगदा होऊन पुन्हा कागद बनतो. प्लॅस्टिकचा भंगारही विकला जातो. द्वारकेच्या उत्तरेस मुंडका आणि टिक्री कलान भागात त्याचा मोठा व्यापार चालतो. मात्र ज्या पेटीच्या कागदावर चकाकीसाठी प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा चढवलेला असतो, ती धड कागद नसते, धड प्लॅस्टिकही नसते. जरीच्या चुऱ्याची, फितीची, अनेक पदरी पाकिटाची तीच गत. त्यांना जवळजवळ भाव मिळत नाही.

पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिचे नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. ज्या तीन वस्तूंवर या कष्टकऱ्यांची चूल पेटते, त्या नावातच आल्या आहेत. चकचकीत पेटीला त्या नावात जागा नाही. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना जी सर्वांत देखणी, ती तिसऱ्या हाताला सर्वांत निरुपयोगी, असे येथे अनेकदा घडते. ज्याला कोणी विकत घेत नाही, ते शेवटी शहराबाहेरच्या ढिगावर जाते. दिल्लीचे असे तीन मोठे ढीग गाझीपूर, भलस्वा आणि ओखला येथे आहेत. १ सप्टेंबर २०१७ रोजी गाझीपूरच्या ढिगाचा काही भाग कोसळून दोघांचा मृत्यू झाला होता.

१ जुलै २०२२ पासून देशात काही एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली. तीत मिठाईच्या पेटीवर आणि निमंत्रणपत्रिकेवर गुंडाळायचा प्लॅस्टिकचा पापुद्रा आहे, सजावटीचा थर्मोकोलही आहे. कुरिअरच्या प्लॅस्टिक पिशव्या त्या यादीत नाहीत. वेष्टनाचे प्लॅस्टिक परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादक, आयातदार आणि नाममुद्रेचे मालक यांच्यावर टाकणारी मार्गदर्शक तत्त्वे त्याच वर्षी फेब्रुवारीत निघाली.

जे टाकावे लागत नाही

मराठी मुलखाला देखण्या वेष्टनाचे वावडे कधीच नव्हते. कोकणातून हापूस लाकडी पेटीत, भाताच्या पेंढ्यात मांडून येई. पेंढा आंब्याला धक्क्यापासून वाचवी आणि त्याच्या उबेत आंबा पिकेही. आंबे संपल्यावर पेटी घरात सामान ठेवायला होई. मुंबईच्या डबेवाल्यांची परंपरा १८९० पासूनची मानतात. त्यांचा डबा दुपारी भरलेला जातो आणि संध्याकाळी रिकामा घरी परततो. त्या वेष्टनाचा कचरा होतच नाही.

द्वारकेतून चेन्नईला गेलेला डबा संध्याकाळी परत येणार नाही, हे उघडच आहे. तरीही फराळ पाठवणाऱ्या गृहिणीला या रीतींतून काही घेता येते. बेताच्या मापाचा साधा तपकिरी खोका, त्यावर लाकडी ठशाने उमटवलेली एकरंगी पणती किंवा कुयरी, प्लॅस्टिकच्या चिकटपट्टीऐवजी कागदी पट्टी, आत कातरलेल्या जुन्या पुठ्ठ्याची आधारासाठी जाळी आणि वर हाताने लिहिलेल्या शुभेच्छांच्या चार ओळी. असा खोका जसाच्या तसा रद्दीत जातो. अन्नाला लागणारी पिशवी तेवढी वेगळी निघते. फराळ भेट म्हणून जायचा असेल आणि थाट हवाच असेल, तर फितीच्या पैशात थोडी भर घालून खणाची छोटी थैली शिवता येते. फराळ संपल्यावर तीत वेलदोडे राहतात किंवा देवघरातल्या वाती.

स्वाध्याय

१. ‘वस्तू वाचवणारा थर उधळपट्टीत मोडत नाही’, हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

२. चकचकीत पेटीला भंगारात भाव का मिळत नाही?

३. पाच काचेच्या बांगड्या दुसऱ्या गावी पाठवायच्या आहेत. कोणते वेष्टन वापराल आणि कोणते टाळाल, ते आठ ते दहा ओळींत लिहा.