व्हॅन बंद का पडते? चौथीच्या वर्गातला कारण शोधण्याचा पाठ



जुलैमध्ये आमच्या चौथीतली वस्तीवरची सहा मुलं रोज उशिरा यायला लागली. कारण एकच, "बाई, व्हॅन बंद पडली." मग एका मंगळवारी ती व्हॅन रेल्वे फाटकाअलीकडच्या चढावर बंद पडली आणि हातभर मागे सरकली. मागे दुधाचा टेम्पो उभा होता. कुणाला काही झालं नाही. पण संध्याकाळी पालकांचे फोन सुरू झाले : व्हॅनवाला बदला. शनिवारी परिवहन समितीची बैठक ठरली.

व्हॅनवाल्या काकांना मी विचारलं तर बिचारे वैतागलेले. दोन आठवड्यांत तीनदा गॅरेज झालं होतं. प्लग नवे, पेट्रोल फिल्टर नवा, कार्बोरेटर उघडून साफ केलेला. आता बॅटरी बदला म्हणून सांगितलं होतं. मी विचारलं, "काका, नेमकी कधी बंद पडते?" ते म्हणाले, "कधीही पडते हो बाई."

हे 'कधीही' मला खटकलं. आपण वर्गात नाही का म्हणत, 'याला वजाबाकी येतच नाही'? नीट पाहिलं तर साधी वजाबाकी येत असते, फक्त हातचा घ्यायचा तिथे अडतं. दुखणं तिथे असतं आणि आपण पहिल्यापासून सगळं शिकवत बसतो.

म्हणून बुधवारी परिसर अभ्यासाच्या तासाला व्हॅनच घेतली.

काकांची गाडी म्हणजे जुनी ओम्नी, आपल्या भाषेत मारुती व्हॅन. ही गाडी १९८४ साली आली आणि २०१९ साली तिचं उत्पादन थांबलं. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि फिरतात मागची चाकं. मधे क्लच, गिअरबॉक्स, मग लांब प्रोपेलर शाफ्ट, मग डिफरेन्शियल. फळ्यावर मी आगगाडीच्या डब्यांसारखी ही साखळी काढली. (नंतरच्या ओम्नींत कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय आलं, ही त्याआधीची.)

क्लच समजावायला दोन मुलांना पुढे बोलावलं. एक इंजिन, एक चाक. हात धरून पळायचं. मी 'थांब' म्हटलं की चाकाने थांबायचं आणि हात सोडायचा. इंजिन जागच्या जागी पळत राहिलं. मग सांगितलं, आता थांब पण हात सोडू नको. इंजिन धडपडलंच! वर्गभर हशा. क्लच म्हणजे हात सोडणं, हे पुन्हा सांगावं लागलं नाही.

मग व्हॅनमधून येणाऱ्या सहा जणांना एकेक वही दिली. गाडी बंद पडली की चारच गोष्टी लिहायच्या. कुठे पडली, धावत होती की उभी, इंजिन गार होतं की तापलेलं, आणि एकदम बंद पडली की आचके देत. कशाला हात लावायचा नाही, काकांना मधे विचारायचं नाही.

हेच चार प्रश्न का, ते इथे जरा सविस्तर सांगते, कारण जुनी गाडी असलेल्या कुणालाही ते कामाला येतील. दिवा मालवावा तशी गाडी एकदम बंद पडली तर आधी विजेकडे बघायचं : बॅटरीचं ढिलं टर्मिनल, इग्निशन स्विचच्या वायरी, कॉइल. दम लागल्यासारखे आचके देत पडली तर पेट्रोल पुरत नसतं. फिल्टर, पंप किंवा कार्बोरेटरचा जेट बघा. टाकीच्या झाकणात हवा जायची वाट असते ती बुजली तरी असंच होतं. झाकण उघडल्यावर 'हुस्स' आवाज आला आणि गाडी पुन्हा नीट चालली, तर चोर तिथेच. सकाळी गार असतानाच पडत असेल तर चोक आणि आयडलिंग. तापल्यावर पडून पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप सुरू होत असेल तर कॉइल, नाहीतर गरम जागेत पेट्रोलची वाफ होणं. पावसात किंवा पाण्यातून गेल्यावर पडली तर डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि प्लगच्या वायरी ओल्या झाल्यात का बघायचं.

तीन दिवसांत पाच नोंदी झाल्या. मुलांनी वह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांनाच दिसलं. दोनदा गतिरोधकावर, एकदा एसटी स्टँडच्या वळणावर, दोनदा फाटकापाशी. गार-गरम दोन्ही वेळा. पाऊस असताना, नसतानाही. म्हणजे ते मुद्दे बाद. पुढच्या सीटवर बसणाऱ्या मुलीने लिहिलं होतं ते जसंच्या तसं देते : "फाटकाला खूप वेळ थांबलो. गिअर काढलेला होता तेव्हा नाही पडली. काकांनी क्लच दाबून पहिला गिअर टाकला तर पडली. गिअर टाकताना कर्र वाजतं."

मला खरं तर तिथेच टाळी द्यावीशी वाटली. हात सुटत नव्हता!

न्यूट्रलमध्ये इंजिन छान चालतंय म्हणजे पेट्रोल, ठिणगी सगळं पोचतंय. क्लच दाबलेला असताना गिअर टाकल्यावर बंद पडतं म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही, आणि थांबलेली चाकं इंजिनालाही थांबवतात. सगळे इंजिन दुरुस्त करत होते आणि दोष त्याच्या मागच्या डब्यात होता.

शुक्रवारी संध्याकाळी काका आणि मी वही घेऊन दुसऱ्या एका मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी वही वाचली, हसले नाहीत. इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबला, थोडं थांबून रिव्हर्स टाकला. कर्रर्र. मग हाताने पेडल दाबून पाहिलं. वरचा पाऊण-एक इंच सैल असतोच, असायलाच हवा, पण इथे निम्मं पेडल नुसतंच खाली जात होतं. क्लचची केबल काढली तर टोकाशी बरेच तार तुटलेले, उरलेल्यांवर सगळा ताण. नवी केबल, पेडलचं सेटिंग, अर्ध्या तासाचं काम. "ही दोन-चार दिवसांत तुटलीच असती," ते म्हणाले. काका गप्प झाले. मलाही तो चढ आठवला.

मेस्त्रींनी उलटी खूणही दाखवली. क्लच प्लेट झिजली की क्लच नीट धरत नाही. रेस वाढते, वेग वाढत नाही, चढावर जळका वास येतो. त्याची परीक्षा मोकळ्या जागेत, पुढेमागे कुणी नसताना, मोठ्या माणसानेच करायची : हँडब्रेक घट्ट ओढून वरचा गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन बंद पडलं तर क्लच चांगला, चालूच राहिलं तर प्लेट गेली. 'बंद पडलं तर पास' हे मुलांना भलतंच आवडलं. आवाजाचंही असंच. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर गिअरबॉक्सचं बेअरिंग. क्लच दाबल्यावरच येते, तर रिलीज बेअरिंग. चालता चालता गिअर सुटत असेल तर आतली झीज, नाहीतर लिव्हरच्या जोडणीतला ढिलेपणा. आणि गिअर ऑइल किती आहे ते तर बघाच, ते सहसा कुणी बघत नाही.

शनिवारी बैठकीत मुलांनीच वह्या वाचून दाखवल्या. एक पालक म्हणाले, "मग हे आधीच का नाही पाहिलं?" काकांनी उत्तर दिलं नाही. आधीच्या दुरुस्तीचे पैसे गेले ते गेलेच. व्हॅन दिवाळीपर्यंत चालू ठेवायची आणि एक वही कायम गाडीत टांगायची, असं ठरलं.

परवा त्या वहीत नवी नोंद सापडली. "गाडी बंद पडली नाही. पण सुटताना खालून टक् वाजतं. दोनदा." मेस्त्रींचा अंदाज शाफ्टच्या क्रॉसचा आहे. काका रविवारी गाडी दाखवायला नेणार आहेत.