बेसवाल्याने कान कुठे ठेवावा

बाळा, बदलापूरच्या ऑर्केस्ट्रात तुला बेसवर घेतलं हे ऐकून फार बरं वाटलं. आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात गाणारे भरपूर, कीबोर्डवाले भरपूर, ऑक्टोपॅड तर गल्लीगणिक. मन लावून बेस वाजवणारे मात्र थोडे. म्हणून तू वाजवणार आहेसच तर चार गोष्टी आधीच सांगून ठेवतो. त्या कुठल्या क्लासात शिकवत नाहीत, स्टेजवरच कळतात, आणि तिथे कळेपर्यंत कधीकधी एखादं बुकिंग हातचं गेलेलं असतं.

सगळ्यात आधी हे मनात पक्कं कर की आपल्याला बोलावतात ते गायकासाठी. हल्ली निम्मे कार्यक्रम मायनस ट्रॅकवर, म्हणजे गायकाचा आवाज वगळलेल्या तयार संगीतावर होतात. ट्रॅकमध्ये बेस आधीच भरलेला असतो, त्यामुळे बेसवाल्याची नाइट कशाला मोजायची, असं आयोजक म्हणतो. त्याला तोंडाने उत्तर देत बसू नकोस, वाजवून दे. समज, हॉलमध्ये हौशी गायक उभा आहे, मुखडा छान झाला, मधल्या वाद्यांचा पहिला पीस सुरू झाला आणि समोर बसलेल्या सोयऱ्यांकडे बघता बघता त्याने चार मात्रा आधीच अंतरा उचलला. ट्रॅक असता तर गाणं तिथेच कोसळलं असतं, कारण ट्रॅक कोणासाठी थांबत नाही. तू मात्र त्याच क्षणी पीस सोडायचा आणि अंतऱ्याचा सूर ठसठशीत द्यायचा. एकच सूर, लांब, न घाबरता. ऑक्टोपॅडवाल्याकडे मान कर, तो पुढच्या समेवर तुला येऊन मिळेल. मग कीबोर्ड येईल. लोकांना काही झालं हेही कळणार नाही. गायकाला मात्र कळतं, आणि पुढच्या कार्यक्रमाला तोच आयोजकाला सांगतो की बेसला तोच मुलगा पाहिजे. यासाठी डोळे फ्रेटबोर्डवर ठेवून चालत नाही. गायकाच्या तोंडाकडे बघ. माणूस गाण्याआधी श्वास घेतो, तो श्वास दिसला पाहिजे.

हे जमायला गाणं फ्रेटवर पाठ करून भागत नाही, सुरांनी पाठ करावं लागतं. आपल्याकडे पट्टी रोज बदलते. रिहर्सलला पांढरी तीन ठरते, कार्यक्रमाच्या दिवशी गायकाचा घसा बसलेला असतो आणि स्टेजवर चढता चढता तो म्हणतो, काळी दोन घ्या. कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबतो आणि मोकळा होतो. तुझी खरी पंचाईत होते, कारण पांढरी तीन म्हणजे तुझी ओपन ई, चार तारांच्या बेसवरचा सगळ्यात खालचा सूर. काळी दोन त्याच्याही खाली, म्हणजे मंद्रातला षड्जच हातातून गेला. अशा वेळी षड्ज ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर घे. शेजारच्या ई तारेवर सहाव्याच फ्रेटला खालचा पंचम बसलेला आहे. त्या पंचमावर अधूनमधून उतरलास की गाण्याखालचा आधार राहतो. पाच तारांचा बेस घेतलास तर ही अडचण येत नाही हे खरं, पण पहिली दोन-तीन वर्षं चार तारांवरच काढ. हात आणि कान दोन्ही तयार होतात. गाणी लिहून ठेवताना सा, म, प, कोमल नि अशीच लिही. कोणतीही पट्टी आली तरी कागद तोच चालतो.

ठेक्याचं सांगतो. केरवा घे: धा गे न ति, न क धि न. धा आणि गे या मात्रांना डग्गा घुमतो, मग चार मात्रा गप्प राहतो आणि सातव्या मात्रेला धि वर परत येतो. तुझी जागा डग्ग्याबरोबर आहे. समेवर सूर लांब धर, सातव्या मात्रेवर पुढच्या समेची चाहूल दे, मधली जागा मोकळी सोड. त्या मोकळ्या जागेतच गायकाचे शब्द ऐकू येतात. नवी मुलं ती भरून काढतात आणि गाणं जड होतं. लावणीला तर आणखी हात आवर. ढोलकीच्या डाव्या तोंडाचा घुमारा आणि आपला बेस एकाच पट्ट्यात येतात. तिथे ढोलकीवाल्याला मान द्यायचा, आपण फक्त समेचा सूर द्यायचा. आणि कीबोर्डवाल्याशी रिहर्सललाच नीट बोलून घे. बेसवाला नसलेल्या कार्यक्रमांमुळे त्यांच्या डाव्या हाताला बेस वाजवायची सवय लागलेली असते. दोन बेस एकत्र वाजले की नुसता गोंगाट होतो. ‘दादा, मी आहे तोवर डावा हात मोकळा ठेवा ना’ एवढं आदराने म्हटलंस की कोणी नाही म्हणत नाही.

आपल्या भागात कोणकोणतं काम येतं तेही जाणून घे, कारण प्रत्येकाची वाजवण्याची रीत वेगळी. उल्हासनगर वसलंच फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांसाठी. त्यांच्या छावणीला, कल्याण कॅम्पला, 1949 साली उल्हासनगर नाव मिळालं. तिथल्या लग्नांत लाडे म्हणजे सिंधी लग्नगीतं होतात, चेटीचंडला झुलेलालची गाणी होतात, छेज घालतात. टिपऱ्या घेऊन गोल धरला की ढोलवाला लय चढवत नेतो आणि एक गाणं पंधरा-वीस मिनिटंही चालतं. सुरुवातीलाच जोर लावलास तर शेवटी मनगट भरून येईल. दोन-तीन सुरांचंच काम असतं, पण ते न डगमगता, एका वजनाने चालवणं सोपं नाही. उजव्या हाताची दोन्ही बोटं आलटून पालटून वापर आणि खांदा सैल ठेव.

भीमगीतांचा हंगाम 14 एप्रिलला सुरू होतो आणि वस्त्यावस्त्यांतून मे महिन्यापर्यंत चालतो. ते कार्यक्रम मला सगळ्यात प्रिय. समोर हजारो माणसं, त्यांना प्रत्येक शब्द पाठ. गायक कव्वालीच्या अंगाने मधेच थांबून शेर म्हणतो तेव्हा ठेका बंद होतो. तू षड्ज हलका धर किंवा पूर्ण गप्प राहा, पण बोट तारेवर तयार हवं. शेर संपून मुखडा पडतो त्याच मात्रेला सगळे एकदम आले पाहिजेत. तिथे अर्धी मात्रा उशीर झाला तरी समोरच्या माणसांना कळतो. ती गाणी नुसती करमणूक म्हणून गायली जात नाहीत. शब्द समजून घेऊन वाजव.

याशिवाय जयंती-पुण्यतिथीचे कार्यक्रम: 27 जून आणि 4 जानेवारीला संगीतकार पंचमदांचे, 31 जुलैला रफीसाहेबांचे, 4 ऑगस्टला किशोरदांचे. पंचमदांची गाणी तर तुझी शाळाच आहे. त्यांच्या ताफ्यात बेस वाजवणारे टोनी वाझ हे नाव लक्षात ठेव. दर रविवारी त्या काळातलं एक गाणं घे आणि फक्त बेस ऐक. हेडफोन लावूनच ऐक, कारण ओपन ई म्हणजे सेकंदाला 41 कंपनं, मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला ती झेपत नाहीत. त्यावर ऐकून गाणं बसवलं की नेमके खालचे सूर चुकतात.

त्याच कारणाने हॉलमध्ये स्वतःच्या आवाजावर पूर्ण विश्वास टाकू नकोस. 41 कंपनांची लाट 8 मीटरहून लांब असते. भिंतीला पाठ लावून उभा राहिलास तर बेस दणदणीत वाटेल, चार पावलं पुढे ये, कदाचित गायबच होईल. साउंड चेकच्या वेळी लांब वायर लाव, खाली उतर, मधल्या खुर्च्यांपर्यंत जाऊन वाजवून बघ आणि मग साउंडवाल्याला काय हवं ते सांग. त्याच्याशी गोड राहा. बेस थेट मिक्सरला जोडणारा स्वतःचा डी.आय. बॉक्स जवळ ठेव, सगळ्यांकडे असतोच असं नाही. बेस अॅक्टिव्ह असेल तर वाजवून झाल्यावर जॅक काढून ठेव. जॅक आत असेपर्यंत 9 व्होल्टची बॅटरी खर्च होत राहते. एक नवी बॅटरी कायम खिशात हवी.

आता विजेचं. हे सांगताना मी कडक होतो, कारण यात जीव जातो. मंडपात अर्धी वीज जनरेटरवरून येते, अर्धी शेजारच्या इमारतीतून. तुझ्या तारा एका अर्थिंगवर, गायकाचा माइक दुसऱ्यावर. तारांवर हात ठेवून तू कोरसला माइकजवळ तोंड नेलंस आणि दोन्हींच्या व्होल्टेजमध्ये फरक असेल तर झटका थेट ओठाला. म्हणून आधी टेस्टर लावून माइकची जाळी आणि आपल्या तारा तपास. टेस्टर पेटला तर वाजवायचं नाही, आयोजक कितीही घाई करो. बेसचा अॅम्प, मिक्सर आणि कीबोर्ड एकाच बोर्डावरून घ्यायला लाव. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन आवाज येतो म्हणून कोणी काढलेली असेल तर तो प्लग वापरायचा नाही. गणपतीत स्टेज ओलं असतं, तेव्हा पायात रबरी तळव्याची पादत्राणं आणि खाली कोरडा प्लाय हवाच. अर्थिंगची गुणगुण ओळखायची खूणही सांगतो. आपली वीज 50 हर्ट्झची आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी 49 चा. तो जी वाजवून बघ. गुणगुण त्याच्या अगदी जवळ, किंचित चढी लागली आणि दोन्ही मिळून सेकंदाला एक हेलकावा ऐकू आला, तर ती विजेचीच गुणगुण. गिटार खोलण्याआधी विजेची जोडणी तपास.

वाद्याची काळजी म्हणजे मुख्यतः पावसाची काळजी. जून ते सप्टेंबर बदलापूरची हवा ओलीच असते. वाजवून झालं की प्रत्येक तार सुती फडक्याने वरून आणि खालूनही पुस, घाम खालच्या बाजूलाच गंज धरतो. कव्हरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाक आणि त्या बदलत राहा. दमट हवेने मान वाकली आणि तारा उंच झाल्या तर ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवायचा नाही, मग एक दिवस थांबायचं. कव्हरसाठी महागड्या दुकानात जायची गरज नाही. उल्हासनगरात जीन्स शिवणारे इतके कारागीर आहेत. जाड डेनिम आणि आत फोम देऊन मापाने शिवून घे, मानेच्या टोकाला दुहेरी फोम. लोकलमध्ये आधी मार तिथेच बसतो. संध्याकाळी गर्दीच्या बदलापूर गाडीत बेस घेऊन साध्या डब्यात चढू नकोस, लगेजच्या डब्यात जा आणि बेस पायांच्या मध्ये उभा धर.

कान जप. 85 डेसिबलला आठ तास चालतात, 100 ला पंधरा मिनिटांतच मर्यादा गाठली जाते आणि स्टेजवर झांजेशेजारी 100 सहज होतात. संगीताचे इअरप्लग मिळतात, ते घे. घरी गेल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर पुढच्या वेळी जागा बदल, झांज आणि मॉनिटरपासून दूर उभा राहा.

नाइट ठरवताना पैसे बोलायला लाजू नकोस. आकडा, पोहोचायची वेळ, किती गाणी, परतीची सोय आणि पैसे कोण देणार एवढं मेसेजवर लिहून घे. कार्यक्रम मोकळ्या मैदानात असेल तर ध्वनिक्षेपक रात्री 10 ला बंद होतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस ती मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. आपला दिवस त्यात आहे का ते आयोजकाला आधी विचार. नसेल तर भाषणं लांबणार हे धरून चाल आणि निवेदकाबरोबर बसून कोणती चार गाणी गाळायची ते दुपारीच ठरव, म्हणजे पावणेदहाला स्टेजवर कुजबुज होत नाही.

येत्या रविवारी वेळ काढून अंबरनाथला ये. बेस आण, गाण्यांची वही आण आणि तुमच्या ऑक्टोपॅडवाल्यालाही घेऊन ये. तुम्ही दोघं आधी गायकाशिवाय, कीबोर्डशिवाय, नुसता केरवा अर्धा तास वाजवा. मी समोर बसून ऐकतो.