ऑनलाइन तालमीत हरवणारा तंबोरा

व्हिडिओ कॉलवरून चालणाऱ्या गायनाच्या शिकवणीत आवाज बिघडला की दोष बहुधा माइकवर ढकलला जातो आणि पहिला खर्चही माइकवरच होतो. परंतु पुण्या-मुंबईतून परदेशस्थ मराठी कुटुंबांतील मुलांना शिकवणाऱ्या गायनशिक्षकांच्या पदरी पडलेला अनुभव असा की, नवा महागडा माइक जुन्याच जागी, म्हणजे लॅपटॉपशेजारी टेबलावर ठेवला, तर पलीकडे ऐकू येणारे गाणे फारसे सुधारत नाही, आणि माइक अधिक संवेदनशील असल्यास पंख्याची घरघर व कुकरची शिट्टी मात्र पूर्वीपेक्षा ठळकपणे पोहोचते.

याचे कारण अंतरात आहे. मुखातून निघालेला ध्वनी माइककडे थेट जातो, तसाच तो भिंती, छत आणि फरशीवर आपटूनही येतो. थेट येणाऱ्या ध्वनीची पातळी अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबलने घटते (डेसिबल हे ध्वनीची पातळी सांगण्याचे एकक होय), तर आपटून येणारा ध्वनी खोलीत जवळपास सारखाच पसरलेला असतो. त्यामुळे ६० सेंटिमीटरवरचा माइक १५ सेंटिमीटरवर आणला, की खोलीच्या तुलनेत गाणे सुमारे १२ डेसिबलने वर येते, आणि हा लाभ फुकटचा असतो. माइक ओठांच्या अगदी समोर न ठेवता किंचित बाजूला ठेवावा, म्हणजे 'प', 'फ', 'भ' उच्चारताना सुटणारी हवा त्याच्यावर थडकत नाही.

खोलीचा विचार त्यानंतर येतो. ध्वनीचा उगम थांबल्यावरही तो काही काळ घुमत राहतो, यास अनुरणन म्हणतात. हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात शब्द नीट कळत नाहीत म्हणून १८९५ पासून वॉलेस सॅबिन यांनी जे प्रयोग केले, त्यांत शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून मांडायच्या आणि घुमणे किती कमी होते ते मोजायचे, अशी रीत होती. व्हिट्रिफाइड टाइल्स, सरकत्या काचा आणि उघड्या भिंती असलेल्या आजच्या फ्लॅटला हाच उपाय लागू पडतो: जाड सतरंजी, गादी, पडदे, किंवा गायकासमोर उघडे ठेवलेले कपड्यांचे कपाट. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याची हौस पुष्कळ ठिकाणी दिसते. तिचा उपयोग नगण्य असतो.

ब्लूटूथ हेडसेटची फसगत वेगळी आहे. गाणे ऐकताना उत्तम वाटणारा हेडसेट स्वतःचा माइक चालू होताच बहुधा हलक्या दर्जाच्या 'हँड्स-फ्री' जोडणीवर उतरतो. तिच्या मूळ प्रकारात सेकंदाला ध्वनीचे ८,००० नमुने घेतले जातात, आणि नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्यापलीकडची कंपनसंख्या टिपता येत नसल्याने ४,००० हर्ट्झच्या वरचे सारे गळते, त्याबरोबर 'स'चा धारदारपणा आणि तंबोऱ्याच्या जवारीतले वरचे स्वरांशही जातात. सुधारित प्रकारात ही मर्यादा ८,००० हर्ट्झपर्यंत जाते, तरी संगीताला ती अपुरीच. वायरचा साधा इअरफोन येथे सरस ठरतो. मात्र वायरवरचा इवलासा माइक ओढणीला किंवा मंगळसूत्राला घासत राहिला, तर पलीकडे सतत खरखर ऐकू जाते, म्हणून तो चिमट्याने दूर अडकवावा.

एवढे साधल्यावरही तंबोरा गायब होतो, आणि त्याला जबाबदार असते ती कॉलची आज्ञावली. ती बोलण्यासाठी घडवलेली असते. बोलणे अक्षरागणिक चढते-उतरते, म्हणून जे न बदलता सलग चालते ते गोंगाट, असे गृहीत धरून नॉइज सप्रेशन त्याला दाबून टाकते. पंख्याला लावलेली ही कसोटी तंबोऱ्याला, सूरपेटीला आणि दीर्घ आकारालाही लागते. सूर क्षणभर ऐकू येतो आणि विरतो, आणि शिष्याचा दम तुटला असे गुरूला वाटते. पातळी आपोआप सांभाळणारी दुसरी सोय हळुवार स्वर उचलते व बुलंद स्वर दाबते, त्यामुळे ख्यालातला आवाजाचा लगाव सपाट होतो. झूममध्ये यावर 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' हा पर्याय आहे. सेटिंग्जमध्ये तो निवडल्यावर मीटिंगमध्येही तो चालू आहे का, हे पाहावे लागते. स्पीकरचा आवाज माइकमधून परत जाऊ न देणारी प्रतिध्वनी-निवारणाची सोय मात्र दोन्हीकडे हेडफोन असतील तरच बंद करावी. कार्यालयीन बैठकींना यातले काहीच बंद करण्याचे कारण नाही.

माइकची पातळी तार सप्तकातला सर्वांत मोठा स्वर लावून ठरवावी. दर्शकपट्टी लाल झाली म्हणजे ध्वनी कापला गेला, आणि कापलेला ध्वनी नंतर दुरुस्त होत नाही. स्वतःचा आवाज पलीकडे कसा पोहोचतो, हे आपल्याच यंत्रावरील ध्वनिमुद्रणातून कळत नाही. दुसऱ्या खोलीतील फोन त्याच मीटिंगमध्ये जोडून, त्याला हेडफोन लावून कोणीतरी ऐकावे लागते.

विलंबावर मात्र माइक, खोली किंवा सेटिंग यांपैकी कशाचाच इलाज चालत नाही. संभाषणासाठी एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब सुसह्य मानला जातो. पण मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा २५० मिलिसेकंदांची असते, त्यामुळे शिक्षकाने धरलेला ठेका ऐकून विद्यार्थी गायला, तर जाण्यायेण्याचे ३०० मिलिसेकंद धरता त्याची सम शिक्षकाला मात्रेहूनही उशिरा ऐकू येते. म्हणून तबला आणि तंबोरा विद्यार्थ्याच्याच खोलीत वाजावेत, आणि वर सांगितलेले बदल त्याच्या यंत्रावरही व्हावेत. मग ठेका आणि गाणे सारख्याच विलंबाने निघतात, आणि सम चुकली तर ती खरोखरच चुकलेली असते.