स्टायरीनची साखळी आणि तिचा प्रारंभक

धाराशिवच्या बाजारातून नवा दूरचित्रवाणी संच घरी आणला, की खोक्यातून पांढरा, हलका थर्मोकोल निघतो. हे फुगवलेले पॉलिस्टायरीन होय. रायगड जिल्ह्यात नागोठण्याजवळ, आमडोशी येथे सुप्रीम पेट्रोकेमच्या कारखान्यात १९९५ पासून पॉलिस्टायरीन तयार होते. स्टायरीन या पातळ द्रवाचे हजारो रेणू एकापुढे एक जोडले गेले, की त्याची एक साखळी बनते.

ही जोडणी सुरू करण्यासाठी प्रारंभक घालतात. बेन्झॉइल पेरॉक्साइडचेच पाहा. त्यातील दोन ऑक्सिजन अणूंमधला बंध दुबळा असतो. उष्णतेने तो तुटला, की प्रत्येक तुकड्यावर एक एकटा इलेक्ट्रॉन उरतो. असा तुकडा, म्हणजे मुक्त मूलक, स्टायरीनच्या रेणूला जोडला जातो आणि साखळी वाढू लागते.

मग प्रारंभक भरपूर घालून काम झटपट का उरकू नये? गोम इथेच आहे. प्रारंभक चौपट केला, तर वेग साधारण दुप्पट होतो. पण साखळ्यांची सरासरी लांबी निम्म्यावर येते. फार आखूड साखळ्यांचे प्लॅस्टिक ठिसूळ निघते.

किरणोत्सारी मूलद्रव्यांप्रमाणे प्रारंभकालाही अर्धायुष्य असते. रेडियम चुलीवर ठेवले तरी त्याचे अर्धायुष्य बदलत नाही; प्रारंभकाचे मात्र झपाट्याने घटते. बेन्झॉइल पेरॉक्साइडचे अर्धायुष्य सुमारे ७३° से.ला दहा तास, तर ९२° से.ला एकच तास असते. टर्शरी ब्यूटाइल परबेन्झोएटचे अर्धायुष्य दहा तासांवर यायला सुमारे १०४° से. तापमान लागते. म्हणून थर्मोकोलचे मणी बनवताना दोन्ही घालण्याची पद्धत आहे. पाण्यात ढवळत ठेवलेल्या स्टायरीनच्या थेंबांत पहिला ९०° से.च्या आसपास बहुतेक काम करतो. पुढे तापमान ११५° से.च्या वर नेले, की दुसरा उरलेसुरले स्टायरीन संपवतो.

गंमत अशी, की स्टायरीन प्रारंभकावाचूनही, नुसत्या उष्णतेने साखळ्या धरू लागते. साधे पॉलिस्टायरीन बनवताना या गुणाचा उपयोगही करतात. साठवणीच्या टाकीत मात्र तो घातक. जोडणीतून उष्णता निघते, तिने वेग वाढतो, त्यातून आणखी उष्णता! म्हणून टाकी थंड ठेवून तीत निरोधक मिसळतात. ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणमच्या एलजी पॉलिमर्स कारखान्यात हे नियंत्रण सुटले. टाळेबंदीत टाकी साठलेली होती. तिच्यातून स्टायरीनची वाफ वस्तीत पसरली आणि १२ माणसे दगावली. निरोधक अपुरा होता. शिवाय तापमापक टाकीच्या तळाशी होता, आणि तापलेला द्रव तर वरच्या थरात असतो.