जुन्या नाण्यांची निगा

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अनेक मराठी घरांत पूर्वजांनी ठेवलेले चांदीचे रुपये पूजेसाठी बाहेर काढले जातात. चिंचेने किंवा राखेने घासून ते लख्ख केले जातात, त्यांच्यावर हळदकुंकू वाहिले जाते आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कापडात बांधून डब्यात ठेवले जातात. यामागील श्रद्धेविषयी प्रश्नच नाही. परंतु प्रत्येक घासणीबरोबर चांदीचा एक सूक्ष्म थर निघून जातो आणि काही वर्षांत राणी व्हिक्टोरियाचा चेहरा, सनाचे आकडे पुसट होतात. चोरापासून जपलेले नाणे अशा प्रकारे घरच्याच हातांनी झिजते.

नाणे हा इतिहासाचा लहानसा दस्तऐवज असतो. ब्रिटिश अमदानीतील रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा होते आणि त्याच्या बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. १९४० पासून चांदीचे प्रमाण निम्म्यावर आले आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. स्वातंत्र्योत्तर नाण्यांवर सनाखाली असलेल्या बारीक खुणांवरून टांकसाळ ओळखता येते. हिऱ्याची आकृती मुंबईची, तारा हैदराबादचा, तर ठिपका नोएडाचा. कोलकात्याच्या नाण्यावर सहसा खूण नसते. हे सर्व तपशील नाण्याच्या पृष्ठभागावरच असल्याने तो पृष्ठभाग जपणे हेच संग्राहकाचे पहिले कर्तव्य ठरते.

स्वच्छतेचा मोह

जुन्या तांब्यावर येणारी तपकिरी झाक किंवा चांदीवरील करडी छटा म्हणजे मळ नव्हे. हा थर वर्षानुवर्षे तयार झालेला असतो आणि तो बहुधा आतील धातूचे रक्षणच करतो. लिंबू, चिंच, दंतमंजन, भांडी घासण्याची भुकटी यांनी तो निघतो, नाणे क्षणभर चमकते. पण गेलेला पृष्ठभाग पुन्हा मिळत नाही. जाणकार ग्राहक घासलेले नाणे ताबडतोब ओळखतो आणि त्याची किंमत कमी करतो. ॲल्युमिनियमची जुनी पैशांची नाणी तर धुण्याच्या सोड्यानेही खराब होतात.

केवळ धूळ वा माती असल्यास नाणे ऊर्ध्वपातित पाण्यात काही काळ ठेवावे, मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे आणि पूर्ण कोरडे झाल्यावरच जागेवर ठेवावे. पुसू नये, टिपावे. तांब्याच्या किंवा काशाच्या नाण्यावर भुकटीसारखे फिकट हिरवे ठिपके दिसू लागल्यास मात्र दिरंगाई करू नये. क्षार आणि दमटपणा यांमुळे होणारी ही झीज आत पसरत जाते. असे नाणे लगेच वेगळे करून कोरड्या जागी ठेवावे व जतनकार्यातील तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

हाताळणी

घामातील क्षार आणि त्वचेवरील तेल धातूवर डाग पाडतात. चकचकीत तांब्यावर उमटलेला बोटाचा ठसा कायमचा राहू शकतो. म्हणून हात स्वच्छ धुऊन, कोरडे करून, शक्यतो सुती हातमोजे घालून नाणे हाताळावे. अंगठा व तर्जनी यांनी नाण्याची कड धरावी. चित्राच्या बाजूस स्पर्श करू नये. टेबलावर मऊ कापड अंथरावे, म्हणजे नाणे हातून निसटले तरी त्याला खोच पडत नाही. नाण्यावर वाकून बोलू नये, कारण थुंकीचा सूक्ष्म शिंतोडाही पुढे डाग होऊन दिसतो. सोने काळवंडत नाही, पण मऊ असल्याने त्यावर ओरखडे लवकर उठतात.

साठवण

बाजारात मिळणारे मऊ, उग्र वासाचे प्लॅस्टिकचे अल्बम बहुधा पीव्हीसीचे असतात. कालांतराने त्यांतून निघणाऱ्या द्रव्यांमुळे नाण्यावर हिरवट, चिकट थर साचतो. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची वेष्टने सुरक्षित मानली जातात. रबरबँड, लोकर, वर्तमानपत्राचा कागद आणि साधा पुठ्ठा यांतील गंधकयुक्त द्रव्ये चांदी काळी करतात. त्यांना दूर ठेवावे. प्रत्येक नाणे स्वतंत्र वेष्टनात असावे.

कोकण, बंगाल, केरळ अशा दमट प्रदेशांत पावसाळा हाच मोठा शत्रू होय. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि तिचा रंग बदलताच ती बदलावी. पुडी नाण्याला चिकटून असू नये.

लॉकर आणि नोंद

मौल्यवान संग्रहासाठी बँकेचा लॉकर सोयीचा असला, तरी त्याच्या मर्यादा ठाऊक असाव्यात. लॉकरमध्ये काय ठेवले आहे याची बँकेला माहिती नसते आणि बँक त्या वस्तूंचा विमाही उतरवत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांमुळे हानी झाल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. ग्राहकाच्या चुकीमुळे किंवा भूकंप, पूर यांसारख्या नैसर्गिक आपत्तीमुळे झालेल्या हानीस बँक जबाबदार नसते. म्हणून स्वतंत्र विम्याचा विचार करावा, नामनिर्देशन पूर्ण करावे आणि वर्षातून एक-दोनदा लॉकर उघडून नाण्यांची पाहणी करावी.

संग्रहाची नोंदवही लॉकरबाहेर ठेवावी. तीत प्रत्येक नाण्याचे वर्ष, धातू, वजन, टांकसाळ, खरेदीची पावती आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे असावीत. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात आणि पुरावस्तू खाजगीरीत्या परदेशी नेता येत नाहीत, हेही ध्यानी ठेवावे. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नाण्यांच्या विक्रीसाठी शुल्क वा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहावे. असे व्यवहार आपण करीत नाही, असे त्या बँकेने २०२१ मध्ये जाहीरपणे स्पष्ट केले आहे.

नोंद नसलेल्या संग्रहाचे मोल वारसांना कळत नाही. मग एका पिढीने जमवलेली नाणी दुसरी पिढी सराफाच्या तराजूत चांदीच्या भावाने मोडीत काढते. दोन ओळींची चिठ्ठी हे टाळू शकते.

आणि लक्ष्मीपूजन? त्यासाठी आधीच झिजलेला एखादा रुपया वेगळा काढावा. बाकीची नाणी पारदर्शक वेष्टनासह ताम्हनात मांडावीत आणि हळदकुंकू वेष्टनावरच वाहावे. पूजाही यथासांग होते आणि नाण्यावरील सन पुढच्या पिढीलाही वाचता येतो.