लस शोधायची की पारखायची?

2021 च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रातल्या बहुतेक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच निरोप फिरत होता: अमुक रक्तगटाचा प्लाझ्मा हवा आहे, तातडीने. कोविडमधून बऱ्या झालेल्या माणसाचा प्लाझ्मा दिला तर आपला माणूस वाचेल, या आशेने नातेवाईक रक्तपेढ्यांच्या चकरा मारत होते. खरे तर त्या आशेचा निकाल सहा महिने आधीच लागला होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, देशातल्या 39 रुग्णालयांत 464 रुग्णांवर चाचणी घेतली होती. एका गटाला नेहमीच्या उपचारांसोबत प्लाझ्मा, दुसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. आजार गंभीर होण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण पहिल्या गटात 19 टक्के निघाले, दुसऱ्यात 18 टक्के. म्हणजे फायदा शून्य. हा निष्कर्ष ऑक्टोबर 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. उपचारांच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला तो मात्र मे 2021 मध्ये.

त्याच काळात ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दुसरा निकाल दिला. डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता, त्यांना मात्र काही फायदा झाला नाही.

बारावीच्या निकालानंतर फार्मसी, नर्सिंग, मायक्रोबायोलॉजीकडे वळलेल्या मुलांचे आईवडील विचारतात, “पण याला पुढे स्कोप काय?” वरचे दोन निकाल हे त्या प्रश्नाचे एक उत्तर आहे. प्रयोगशाळेत नवा रेणू शोधणारे मोजके असतात; तो रेणू माणसाला लागू पडतो का, हे पारखायला पुष्कळ माणसे लागतात. या पारखण्याला क्लिनिकल रिसर्च म्हणतात, आणि त्यात येण्यासाठी प्रत्येकाला एमबीबीएस व्हावे लागत नाही.

नव्या विषाणूंचे वेगळेपण काय?

मधुमेहाच्या औषधाची चाचणी घ्यायची तर रुग्ण वर्षभर मिळतात. नव्या विषाणूची साथ कधी येईल, कुठे येईल, किती टिकेल, काहीच सांगता येत नाही. केरळमध्ये निपाहचे रुग्ण सापडतात तेव्हा ते इतके थोडे असतात की दोन गट पाडून तुलना करणेच अवघड होते. त्यामुळे आराखडा, परवानग्या आणि प्रशिक्षित माणसे साथ येण्याआधी तयार असावी लागतात.

2015 मध्ये गिनीत इबोलाच्या लशीची चाचणी झाली, ती मुद्दाम पाहावी. रुग्ण सापडला की त्याच्या संपर्कातली माणसे आणि त्या माणसांच्या संपर्कातली माणसे, असे एक कडे धरले गेले. काही कड्यांना लस लगेच दिली, काहींना 21 दिवसांनी. लगेच लस मिळालेल्या कड्यांत लसीकरणानंतरच्या दहाव्या दिवसापासून पुढे लस घेतलेल्यांपैकी कोणालाही इबोला झाला नाही. या कामात विषाणूशास्त्रज्ञांइतकेच घरोघर जाऊन संपर्कांच्या याद्या करणारे आणि लोकांची समजूत घालणारे कार्यकर्ते महत्त्वाचे होते.

हे फक्त आफ्रिकेत घडते असे नाही. चांदीपुरा विषाणूला नाव मिळाले ते नागपूर जिल्ह्यातल्या गावावरून. 1965 मध्ये तो तिथे सापडला. सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा भागात आणि गोव्यात सत्तरी तालुक्यात काजूच्या हंगामात माकडतापाची धास्ती असते. त्यावरच्या जुन्या लशीचा वापर थांबला आहे. उद्या नवी लस आली की ती पारखायला याच भागातली भाषा आणि माणसे जाणणारे लोक लागणार आहेत.

रोजचे काम कसे असते?

बहुतेक मुलांची सुरुवात रुग्णालयात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून होते. “सही कुठं करू, डॉक्टर?” असे आल्याआल्या विचारणाऱ्या माणसाला आधी थांबवायचे, हे या कामातले पहिले कौशल्य. हा उपचार अजून सिद्ध झालेला नाही, तुम्ही कधीही माघार घेऊ शकता, त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबणार नाहीत, हे त्याला त्याच्या भाषेत सांगावे लागते. वाचता न येणाऱ्या आजीबाई असतील तर संमतीपत्र वाचून दाखवताना निःपक्ष साक्षीदार हजर लागतो आणि मगच अंगठा घेता येतो.

पुढे सगळा नोंदींचा कारभार. लस फ्रिजमध्ये 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये राहिली का, रक्ताचा नमुना ठरल्या दिवशी घेतला का, ताप किती वाजता मोजला. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. व्हाइटनर चालत नाही. कोणाला खरी लस मिळाली आणि कोणाला नाही, हे कळू नये म्हणून अनेक चाचण्यांत डोस भरणारा वेगळा आणि परिणाम नोंदवणारा वेगळा असतो. सहभागी व्यक्तीला गंभीर त्रास झाला तर मुख्य संशोधकाने 24 तासांच्या आत कळवणे 2019 च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. मग तो रविवार असो की दिवाळी.

कोणत्या पदवीला कोणते दार?

एमबीबीएस आणि त्यापुढे एमडी केलेले डॉक्टर मुख्य संशोधक होऊ शकतात. मेडिसिन, बालरोग, फार्माकॉलॉजी आणि कम्युनिटी मेडिसिन या शाखा इथे विशेष उपयोगी पडतात.

बीफार्म, नर्सिंग, बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस किंवा जीवशास्त्रातली बीएस्सी, एमएस्सी झालेल्यांना कोऑर्डिनेटरचे दार उघडे असते. थोडा अनुभव आला की मॉनिटर होता येते. मॉनिटर गावोगावच्या केंद्रांवर जाऊन नोंदी तपासतो, प्रवास भरपूर. औषधांच्या दुष्परिणामांचा मागोवा घेणारी फार्माकोव्हिजिलन्स ही शाखा फार्मसीच्या मुलांना जवळची, आणि तिचे काम बरेचसे बैठे.

ज्याला गणित आवडते पण रक्त पाहून घेरी येते, त्याने बायोस्टॅटिस्टिक्स पाहावे. किती माणसे घ्यायची, निकाल योगायोगाने आला की खरा, हे संख्याशास्त्रज्ञ ठरवतो. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत या विषयाचे शिक्षण मिळते. भाषा चांगली असलेल्यांसाठी मेडिकल रायटिंग आहे, आणि संमतीपत्रे सोप्या मराठीत आणण्याचे कामही आहे. समाजकार्याची पदवी घेतलेल्यांना लोकसंपर्काचे काम मिळू शकते.

पुणे आणि मुंबई परिसरात कामाच्या जागा पुष्कळ आहेत. 1952 मध्ये सुरू झालेली आणि आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था पुण्यात आहे. कोव्हॅक्सिनसाठीचा विषाणू तिथेच वेगळा केला गेला. या लशीच्या तिसऱ्या टप्प्यात 25 केंद्रांवर 25,800 स्वयंसेवक होते. इतक्या माणसांच्या नोंदी ठेवायला किती हात लागले असतील, हे पालकांनीच मनाशी ताडून पाहावे. पुणे जिल्ह्यातल्या वढू इथे केईएम रुग्णालयाचे संशोधन केंद्र आहे. सीरम आणि जिनोव्हा या लस बनवणाऱ्या कंपन्या पुण्यातल्याच.

फी भरण्याआधी

क्लिनिकल रिसर्चच्या पदविका देणाऱ्या खासगी संस्थांचे पेव फुटले आहे. काही चांगल्या आहेत, काही केवळ दुकाने. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असा फलक दिसला तर तीन गोष्टी विचारा. पदविकेला मान्यता कोणाची? इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात, आणि तिथे आज प्रत्यक्ष चाचणी चालू आहे का? मागच्या तुकडीतल्या चार मुलांशी बोलता येईल का? उत्तरे गोलमाल आली तर पैसे खिशातच ठेवा. गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचे, म्हणजे चाचणी घेण्याच्या नियमांचे, प्राथमिक प्रशिक्षण ऑनलाइन, मोफतही मिळते. आधी ते करावे.

पालकांच्या तीन शंका

जिवाला धोका आहे का? लागण झालेल्या रुग्णांजवळ काम करताना जोखीम असते, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यासाठी प्रशिक्षण, पीपीई आणि ठरलेल्या कार्यपद्धती असतात. शिवाय या क्षेत्रातली कितीतरी कामे रुग्णापासून दूर, संगणकावर होतात.

साथ संपली की नोकरी जाईल का? साथीपुरते उभे राहिलेले प्रकल्प बंद होतात आणि कंत्राटी पदेही जातात, हे खरे. म्हणून मुलाने एकाच विषाणूला चिकटून राहू नये. संमती, नोंदी, सुरक्षितता, विश्लेषण ही कौशल्ये क्षयरोग, कर्करोग, मधुमेह अशा कोणत्याही चाचणीत जशीच्या तशी चालतात.

पैसा किती? सुरुवातीचा पगार बेताचा असतो. तो अनुभवाने वाढतो, नुसत्या प्रमाणपत्राने नाही. पहिल्या दोन वर्षांत घरच्यांनी तुलना आयटीतल्या चुलतभावाशी करू नये, एवढे पथ्य पाळले तरी पुरे.

आजच करता येईल असे

भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही, सीटीआरआय, इंटरनेटवर सर्वांसाठी खुली आहे. 2009 पासून औषधांच्या चाचण्यांची तिथे नोंद करणे सक्तीचे आहे. डेंग्यू किंवा कोविडच्या लशीची एखादी चाचणी शोधून मुलाने तिची नोंद सावकाश वाचावी: पैसा कोणाचा, कोणाला घेतले, कोणाला वगळले, यश कशाला म्हणायचे ठरले. दहा मिनिटांत जांभया आल्या तर दुसरे क्षेत्र पाहायला हरकत नाही. पण “गरोदर बायकांना का वगळलं?” असा प्रश्न त्याने जेवताना काढला, तर स्कोपची काळजी बाजूला ठेवून पालकांनी त्याला जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या फार्माकॉलॉजी विभागात एकदा बोलून यायला पाठवावे.