कुंडीतील मातीचे रहिवासी

भिलाईत जूनच्या मध्यास पाऊस सुरू झाला, म्हणजे पोलाद कारखान्याच्या वसाहतीतील व्हरांड्यांत मांडलेल्या कुंड्या आठवडेच्या आठवडे ओल्या राहतात. त्यांत कन्हार, म्हणजे या भागातील काळी चिकण माती भरलेली असेल, तर पाण्याचा निचरा होत नाही. मग एके सकाळी तुळशीला पाणी घालताना तिळाहूनही लहान असे पांढुरके जीव मातीवर दिसतात, आणि घरात कीटकनाशकाचा शोध सुरू होतो.

हे जीव बहुधा स्प्रिंगटेल असतात. ‘पुच्छकूर्दक’ असा शब्द त्यांच्यासाठी घडविता येईल. परंतु तो उच्चारीपर्यंत प्राणी उडून गेलेला असावयाचा! त्याच्या पोटाखाली दुभंगलेली शेपटी दुमडून अडकविलेली असते. ती सुटताच जमिनीवर आपटते व प्राणी हवेत फेकला जातो. सहा पाय असूनही आजचे बहुतेक प्राणिशास्त्रज्ञ त्यास कीटकांत गणीत नाहीत. त्याच्या पूर्वजांचे अवशेष स्कॉटलंडमधील सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडले आहेत. त्याचे अन्न म्हणजे बुरशी व कुजका पाचोळा. निरोगी रोपास त्यापासून सहसा अपाय होत नाही.

मातीत आणखी कोण राहते, हे शाळेतही पाहता येते. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा धरला की नरसाळे होते. त्यात जाळीचा तुकडा बसवून मूठभर माती ठेवावी, खाली ओला कागद घातलेली वाटी ठेवावी आणि वर वीतभर अंतरावर तारेचा विजेचा दिवा लावावा. एलईडी दिवा येथे उपयोगी नाही, कारण त्याची उष्णता पुरत नाही. उजेड, उष्णता व कोरडेपणा टाळीत प्राणी खाली सरकतात व वाटीत पडतात. इटालियन शास्त्रज्ञ आंतोनियो बेर्लेसे यांनी १९०५ मध्ये असे नरसाळे योजिले. दिव्याची जोड स्वीडनच्या टुलग्रेन यांनी १९१८ मध्ये दिली. दिव्यापाशी वडील माणसाने थांबावे.

वाटीत स्पर्श होताच वेटोळे करणारा ‘पैसा’ आढळल्यास तोही पाचोळाच खाणारा समजावा. मात्र काळ्या चकचकीत डोक्याची, पारदर्शक पांढरी अळी आढळल्यास सावध व्हावे. चिलटासारख्या एका बारीक काळ्या माशीची ही संतती कोवळी मुळे कुरतडते. तिला ओली माती हवी असते; म्हणून वरचा इंचभर थर सुकल्याखेरीज पाणी घालू नये. बटाट्याची चकती मातीवर ठेवली, तर अळ्या तिच्याखाली जमतात व चकतीसह उचलून टाकता येतात. माशीचे जीवनचक्र तीन-चार आठवड्यांचे असल्याने हा क्रम महिनाभर तरी चालवावा लागतो. मुळांशी इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वाकलेली जाड हुमणी असेल, तर रोप उपटून ती हाताने वेचावी.

पूर्वी कुंडीत फोरेटचे दाणे टाकण्याची सवय पुष्कळांना होती. हे अतिविषारी द्रव्य मुळांवाटे शोषले जाऊन पानांत पोहोचते, आणि तुळशीचे पान तर घरातील मुलेही खातात. भारतात फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आहे. अडगळीत जुनी पुडी राहिली असल्यास ती उघडू नये, मोरीतही ओतू नये. मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवून कृषी खात्याच्या कचेरीत विचारणा करावी.